आधी मोकळी जागा मोजा

सर कुठल्याही कार्यक्रमाला गेले की आधी रिकाम्या खुर्च्या बघायचे. व्यासपीठावर कोण बसलंय, हार कुणाच्या गळ्यात पडतोय, जेवणात गोड काय आहे, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. मांडवाच्या कडेनं एक चक्कर मारायची, मागच्या रांगांवरून नजर फिरवायची आणि मग माझ्या शेजारी येऊन बसायचं. "मॅडम, हे म्हणायलेत लई गर्दी झाली. आधी मोकळी जागा मोजा. मग बोला."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शोकसभेत सवयीनं मीही मागं वळून रिकाम्या खुर्च्या पाहिल्या होत्या. पुन्हा पुढं बघायचं धाडस काही झालं नाही.

ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मी मराठी. कॉलेज साखर कारखान्याच्या संस्थेचं, कारखान्याच्या भिंतीला लागूनच. हंगाम चालू असला की मळीचा वास थेट वर्गात यायचा आणि पोरं नाकाला रुमाल लावून बसायची. मग दुष्काळाची वर्षं ओळीनं आली. कारखाना पेटायचा आणि महिनाभरात ऊस संपला म्हणून विझायचा. एका वर्षी तर पेटलाच नाही. तेव्हा कळलं की त्या वासाचीही माणसाला सवय होते. धूळ उडणाऱ्या मैदानापलीकडं ते गप्प धुराडं बघितलं की मला वर्गात शिकवायला सुचायचं नाही. सरांना मात्र सुचायचं. त्यांचं सगळं लक्ष इथं नव्हतंच.

त्यांचा विषय क्वेसार. हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये कुणाला धड उच्चारता यायचा नाही. पुण्याला त्यांनी पीएचडीला नाव घातलं होतं ते कधीच्या काळी, आणि तो अभ्यास घेऊनच ते बीडला परत आले होते. क्वेसार म्हणजे काय हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी आता झोपेतही सांगेन. काही दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांच्या, पोटात एक अवाढव्य कृष्णविवर असतं. भोवतीचा वायू त्यात पडायला लागला की पडता पडता तो असा तापतो, असा उजळतो, की सगळी दीर्घिका त्या उजेडात झाकून जाते. तो क्वेसार. आणि काही दीर्घिका अशा असतात की त्यांच्यात वायू अजून शिल्लक आहे आणि त्यातून नवे तारे जन्मतायत. सरांचा प्रश्न एवढाच होता. विश्वाच्या वेगवेगळ्या वयात, या तारे घडवणाऱ्या दीर्घिका क्वेसारभोवती किती दाटीनं असतात? दुसरीकडच्यापेक्षा जास्त, कमी, की तेवढ्याच? क्वेसार आपल्या उजेडानं शेजाऱ्यांचा वायू तापवून उधळून लावतो आणि त्यांची उपज बंद पाडतो, की शेजार भरलेला असतो म्हणून क्वेसारही पेटतो?

"याचा अभ्यासक्रमाला उपयोग काय?" असं प्राचार्यांनी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सर म्हणाले, "काहीच न्हाई." प्राचार्यांना हे उत्तर उद्धटपणाचं वाटलं. ते नुसतं खरं होतं.

कॉलेजच्या दुर्बिणीतून क्वेसार दिसायची सोय नव्हती. तिच्या काचेला बुरशी आलेली. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींनी घेतलेली आकाशाची मोजमापं पुण्याहून हार्डडिस्कच्या डबीत भरून आणायची आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर मोजत बसायचं, असं ते काम. म्हणजे वीज असेल तेव्हा. वीज गेली की सर हात मांडीवर ठेवून तसेच पडद्यासमोर बसून राहायचे. एकदा मी म्हटलं, "सर, तोवर बाहेर तरी या." म्हणाले, "ती यायची वेळ झाली." वीज दुपार उलटून गेली तरी आली नाही आणि सरही हलले नाहीत.

लग्न केलं नव्हतं. तेलगावच्या बाजूला कुठंतरी गाव होतं, पण आई गेल्यावर जाणं सुटलं. चहात साखर घालत नसत. साखर कारखान्याच्या कॉलेजात हा विनोदाचाच विषय. मधुमेह आहे का विचारलं तर म्हणायचे, "न्हाई. खाऊन झालीय." पुढं कुणी विचारलं नाही.

त्यांचा खरा राग होता तो उपमेवर. मी उपमा, उत्प्रेक्षा, रूपक शिकवून पोट भरणारी बाई, त्यामुळं आमचं भांडण कायमचं. "तुमी मुख चंद्रावानी म्हणता. चंद्रावर खड्डे हायत, हवा न्हाई, पाणी न्हाई. कोणत्या बाईला चालंल?" मी म्हणायची, "आपल्या जिल्ह्यात चालेल सर. पाणी इथं तरी कुठं आहे?" ते हसायचे नाहीत. मान हलवायचे. "हेच. एका वस्तूला दुसरीचं नाव दिलं की माणूस पहिलीकडं बघायचंच सोडतो."

वर्गात क्वेसारभोवतीच्या दाटीबद्दल एका पोरानं विचारलं होतं, "सर, म्हंजे गुळाला माश्या लागल्यावानी का?" सरांनी खडू खाली ठेवला. "माशी उडून येती. दीर्घिका कुठून उडून आली न्हाई. जिथं माल जास्त हाय तिथं दोगंबी जन्मले, क्वेसारबी अन् दीर्घिकाबी. कुणी कुणाकडं गेलं न्हाई. उपमा देऊ नको बे." मग टेबलावर काळं कापड अंथरून त्यांनी मूठभर ज्वारी उधळली. दाणे कुठं दाट पडले, कुठं विरळ. "हे गोळा झालेत आसं दिसतंय का न्हाई? पण गोळा कुणी केलं? कुणीच न्हाई. म्हणून आधी मोकळी जागा मोजायची. तिथंबी आसंच पडलं आसंल तर ह्या गोळ्याला काई अर्थ न्हाई." त्या उन्हाळ्यात चिमण्या प्रयोगशाळेत शिरून टेबलावरची ज्वारी खायच्या. सर त्यांच्यासाठी खिडकीत बशीभर पाणी ठेवायचे आणि विश्व दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायचे.

दुसरी सवय, कुठलीही बातमी सांगा, ते आधी विचारणार, "हे कधीचं?" चेअरमन तुमच्यावर रागावलेत सर. "कधीचे?" अमुक तलाव आटला. "हे कधीचं?" दूरचा उजेड इकडं पोचेपर्यंत तिकडं काय झालं असेल कुणास ठाऊक, हे त्यांच्या डोक्यात इतकं बसलं होतं की समोरच्या माणसाचा निरोपही ते जुना धरूनच ऐकायचे. स्टाफरूममध्ये पोरकट लोक त्यांना मुद्दाम शिळ्या बातम्या द्यायचे. त्यावरही ते तितक्याच गंभीरपणे विचारायचे.

चेअरमन खरोखर रागावले ते एका बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमात. प्राचार्यांनी त्यांना कुठूनतरी सरांचा विषय सांगितला असावा. चेअरमनसाहेब माइकवर म्हणाले, की आमच्या कॉलेजातले सर सांगतात, आकाशात क्वेसार असतो आणि भोवती तारे घडवणाऱ्या दीर्घिका जमतात. तसा हा सहकाराचा कारखाना म्हणजे आपला क्वेसार, आणि भोवतीची गावं उजळली ती त्याच्यामुळं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी मोठ्या मनानं सरांना दोन शब्द बोलायला बोलावलं. मी पदराआड डोळे मिटले. सर उठले आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "साहेबांचं म्हणणं तपासता येईल. त्यासाठी कारखाना नसलेला, पण एवढ्याच जमिनीचा, एवढ्याच पावसाचा तालुका घ्यावा लागंल. तिथली गावं मोजावी लागतील. मग फरक निघाला तर निघाला." आणि खाली बसले. मागच्या रांगांत कुणीतरी मोठ्यानं हसलं. चेअरमनही हसले, पण त्यांचं हसणं लगेच थांबलं. त्यानंतर सरांना कुठल्याच कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही, आणि सरांच्या ते लक्षात आलं नाही.

दुष्काळानं कॉलेज पोखरत आणलं होतं. वसतिगृह पाण्याअभावी बंद. पोरं पुण्याला कंपन्यांत गेली, नाहीतर आईबापाबरोबर ऊसतोडीला. विज्ञान शाखेचे वर्ग एकेक करून मिटत चालले होते. शेवटी तिसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्रात एकच पोरगी उरली. अनिता. चकलांब्याकडची. आईबाप दोघं तोडीला जाणारे, धाकटी भावंडं तिच्यावर. संस्थेनं सरळ सांगितलं, ती परीक्षेला बसेपर्यंत वर्ग चालवू, ती गेली की वर्ग बंद. भौतिकशास्त्र बंद झालं की सरांना शिकवायला काही उरत नव्हतं. त्यांना त्याची चिंता होती की नाही कोण जाणे. पण अनितेची होती, कारण अनितेनं त्यांना एक प्रश्न विचारला होता.

मी त्या दिवशी त्यांच्या वर्गाबाहेरून चालले होते. आत दोघंच. सर फळ्याजवळ, ती पहिल्या बाकावर. ती म्हणाली, "सर, मंग आता तिथं काय हाय? जिथं तवा एवढी दाटी होती तिथं?"

सर वळले. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "आता? आता तिथं म्हाताऱ्या दीर्घिका हायत. लाल पडलेल्या. वायू सपला. जिथं दाटी आधी झाली तिथं तारे आधी झाले अन् तिथंच आधी बंद पडले. आता नवे तारे होतात ते कडंला, विरळ जागी."

"म्हंजे आपुन बघायलोत ते तवाचं."

"तवाचं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. दुपारी चहाला आल्यावर त्यांनी मला तीच गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. "पोरगी शिकंल, मॅडम. ही पुढं जाईल."

अनितेचं लग्न ठरल्याची बातमी मी सरांना सांगितली. दसरा झाला की करणार होते. आणि त्यांनी विचारलं, "हे कधीचं?"

आमच्या भागात ऊसतोडीला जोडी लागते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून गाडीत भरते, दोघं मिळून एक कोयता. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता, आणि टोळी जमवणारा मुकादम अर्धा कोयता घेत नाही. म्हणून हंगाम जवळ आला की लग्नं उरकतात. एरवी पितृपंधरवड्यात सुईसुद्धा विकत न घेणारी माणसं, मुकादमाचा ट्रक दारी लागायच्या आत त्याच दिवसांत मुलीला हळद लावतात.

आम्ही दोघं चकलांब्याला गेलो. अनितेचा बाप वाईट माणूस नव्हता. त्यानं आम्हाला बाजेवर बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं, आणि ते पाणी देताना त्याचा हात किती जपून चालला होता ते मी पाहिलं.

"सर, तुमचं म्हणणं मला समजतंय. पण औंदा समदं गावच चाललंय. टँकर येतो न्हाई येतो. हिला इथं कुणाच्या जिवावर ठिवू?"

मी म्हटलं, "माझ्याकडं राहू द्या. परीक्षा होईपर्यंत. माझ्या मुलीसारखी राहील."

"तुमी म्हणलात ह्येच लई झालं, मॅडम. पण सोयरे बोलून गेलेत. पोरगं चांगलं हाय, पेत न्हाई. त्याचा अर्धा कोयता हाय. ह्यावर्षी जोडी न्हाई लागली तर मुकादम त्याला घेत न्हाई."

अनिता चुलीपाशी बसून होती. आम्ही निघताना एवढंच म्हणाली, "सर, तुमची मोजणी कुठवर आली?" सर म्हणाले, "चाललीय."

परतीच्या वाटेवर सर फार शांत होते. मला वाटलं, हरले. पण ते हिशेब करत होते. जोडी लागत नाही हीच अडचण ना? मग जोडीतला दुसरा माणूस मिळाला की झालं. दोनच दिवसांनी ते मांजरसुंब्याला गेले. तिथल्या ढाब्यांवर मुकादमांचे ट्रक थांबतात. नवऱ्या मुलाच्या मुकादमाला गाठून त्यांनी सांगितलं, की या पोराच्या अर्ध्या कोयत्याला मी जोड देतो. बिनपगारी रजा काढतो, हंगामभर येतो. पोरीला सोडा.

पुढं काय झालं ते मुकादमानंच मला नंतर सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. म्हणाला, "सर, कोयता धरलाय का कधी?" सरांनी पँटचा पाय वर केला. डाव्या नडगीवर जुनी, लांब, पांढरी खूण होती. तोडणाऱ्या माणसाला ती खूण सांगावी लागत नाही. मुकादमाचं हसू गेलं. "कवाचं हे?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "आई तोडायची. बाप लवकर गेला. दुसरा कोयता मीच होतो." मुकादमानं पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "सर, तुमचं वय न्हाई राहिलं. अन् मला काम पायजे, पुण्य न्हाई."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ढाब्यावर दहा माणसं ऐकत होती. चार दिवसांत सगळ्या तालुक्यात झालं, की कॉलेजातला मास्तर एका पोरीच्या जागी ऊस तोडायला निघालाय. कावून? एवढं का म्हणून? बिनलग्नाचा मास्तर, एकटीच पोरगी वर्गात. लोकांना दुसरं उत्तर सुचेना. मला अजून राग येतो तो या गोष्टीचा. त्या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात स्वच्छ गोष्ट घेऊन लोकांनी तिचं काय केलं. सोयऱ्यांकडं बोलणं पोचलं, त्यांनी अनितेच्या बापाला निरोप धाडला, आणि दसऱ्यानंतरचं लग्न पितृपंधरवड्यातच उरकलं गेलं. महिनाभर तरी आणखी शिकली असती ती पोर. सरांनीच तो महिना घालवला.

हे त्यांना कुणी सांगू नये असं मला वाटत होतं. पण सांगणारे असतातच. सर ऐकत होते. "हे कधीचं" असं त्यांनी विचारलं नाही.

संस्थेनंही त्यांना बोलावून समज दिली. प्राध्यापकानं कोयता धरायची भाषा करणं, तेही दुसऱ्याच्या कारखान्यासाठी, यात संस्थेची अब्रू जाते म्हणे. सर उभे राहून ऐकून आले.

आणि मग त्यांनी जे केलं ते बघून आमची सगळी स्टाफरूम हसून हसून थकली. अनितेचं नाव पटावर होतं. तास बंद झाले तर वर्ग मोडला म्हणून ते नाव निघालं असतं आणि तिचं वर्ष गेलं असतं. म्हणून सर रोज वेळेवर त्या वर्गात जायचे आणि रिकाम्या बाकाला शिकवायचे. पूर्ण तास. फळा भरायचे, पुसायचे, पुन्हा भरायचे. मधेच थांबून विचारायचेसुद्धा, "कळलं का?" शिपाई दारात उभा राहून बघायचा आणि येऊन नक्कल करून दाखवायचा. पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या बाजूनं जाणं सोडलं.

त्याच हिवाळ्यात त्यांची मोजणी संपली. मला त्यांनी प्रयोगशाळेत बोलावून सांगितलं. सगळ्या काळांतले क्वेसार घेतले, त्यांच्याभोवतीच्या तारे घडवणाऱ्या दीर्घिका मोजल्या. मग क्वेसार नसलेल्या, पण तेवढाच माल असलेल्या जागा घेतल्या आणि तिथल्या मोजल्या. फरक नाही. क्वेसार असला काय, नसला काय. सुरुवातीच्या काळात दोन्हीकडं दाटी, नंतर दोन्हीकडं विझलेलं. क्वेसारनं कुणाला उजळवलं नाही आणि कुणाला जाळलंही नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"पुण्याला पाठवलं."

पुण्याहून उत्तर आलं, की काम चोख आहे, पण कुठल्यातरी दूरच्या देशातल्या लोकांनी याहून कितीतरी जास्त दीर्घिका घेऊन हेच उत्तर आधी छापलंय. सरांनी मला ते सांगितलं तेव्हा खिडकीतल्या बशीत पाणी नव्हतं. म्हणाले, "बरं झालं. म्हंजे बरोबर हाय." आणि संगणकाचं बटण त्यांनी बंद केलं.

परीक्षा जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, माझ्याबरोबर याल का? मी एकटा गेलो तर पुन्हा बोलतील." त्यांना ते कळलं होतं एवढ्याचंच मला वाईट वाटलं.

अनितेची टोळी दक्षिणेला नदीकाठच्या एका कारखान्यावर होती. आम्ही सकाळी उतरलो. मी असा हिरवा मुलूख कधी पाहिला नव्हता. पाटाला पाणी, डोक्याएवढा ऊस. आणि त्या कारखान्याच्या मागं मोकळ्या रानात, उसाच्या पाचटाच्या कोप्या. बुटक्या, एकमेकींना चिकटून, दिसतील तिथवर. आमच्याच जिल्ह्याची भाषा सगळीकडून ऐकू येत होती. सर कडेला थांबले आणि बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, आधी मोकळी जागा मोजा. म्हणाले नाहीत.

कोपीत शिरताना मला वाकायला कुणाला तरी सांगावं लागलं. सर आपसूक वाकले.

अनिता उसाच्या फडातून आली, डोक्यावर वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा. भारा टाकून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या डाव्या नडगीला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली दिसली. पट्टीतून रक्त आलेलं होतं. सरांनी ती पाहिली. मी पाहिलं की त्यांनी ती पाहिली.

तिनं चहा केला. कोरा, भरपूर साखरेचा. सरांनी तो पूर्ण प्यायला.

नवरा खरंच चांगला पोरगा होता. समोर उकिडवा बसून म्हणाला, "सर, तिला परीक्षेला सोडलं आसतं. माझी काय ना न्हाई. पण पट्टा पडल्याबिगर मुकादम हालू देत न्हाई, अन् औंदा पट्टा कवा पडंल कुणाला ठावं. ती गेली की मी पुन्हा अर्धा." पट्टा पडणं म्हणजे कारखाना बंद होणं, हंगाम संपणं. परीक्षेची तारीख त्याच्या आतली होती.

"चार दिवस," सर म्हणाले. "चारच."

"सर, म्या मुकादमाला इचारलंय," अनिता म्हणाली. "दोनदा इचारलं." वर्ग संपला, तिचं वर्ष संपलं, सरांचंही संपलं. बाहेर कुणीतरी बैलांना हाकारत होतं.

मग तिनंच विचारलं. "मोजणी झाली का सर?"

"झाली."

"काय निघालं?"

"फरक न्हाई निघाला. क्वेसार असला तरी तसंच, नसला तरी तसंच."

तिनं कोपीच्या दारातून बाहेर पाहिलं. कोप्यांच्या रांगांकडं, त्यांच्यावर धूर सोडणाऱ्या त्या भल्यामोठ्या कारखान्याकडं. हा पेटलेला होता. आमचा विझलेला.

"म्हंजे तिथंबी आपल्यावानीच हाय," ती म्हणाली.

मी सरांकडं पाहिलं. आता ते खडू खाली ठेवतील, आता म्हणतील, उपमा देऊ नको. मला ते हवं होतं. जीव तोडून वाटत होतं की त्यांनी तिला रागवावं, इथं, या कोपीत, वर्गात रागवायचे तसं.

"हां," सर म्हणाले. "तसंच हाय."

आयुष्यभर ज्या माणसानं एक उपमा खपवून घेतली नाही, त्यानं ती एवढी एक सोडून दिली. ते पुढच्या उन्हाळ्यात गेले असं सगळे म्हणतात, आणि तारीख काढली तर ते खरंच आहे. पण कुणी मला विचारलं, हे कधीचं, तर मी त्या कोपीतली ती सकाळ सांगेन.